बांध कोणाचा?

देवस्थानाच्या या पत्रिकेत वयाने आणि अधिकाराने थोर अशी मंडळी लिहीत आली आहेत. आमचे शिक्षण शाळेच्या शेवटच्या परीक्षेपाशी थांबलेले आणि घरचा वारसा पूजाअर्चेचा. तेव्हा पांडित्याचा आव आणणे आम्हांस शोभणार नाही. परंतु एका प्रश्नाने गेली तीन वर्षे आमची पाठ सोडलेली नाही. तो एकट्याने सुटण्यासारखा नाही, म्हणून वाचकांपुढे ठेवीत आहोत. जी वस्तू साऱ्या गावाची आहे ती राखण्याचे ऋण कोणावर? तिच्यावर ज्याचा हक्क आहे त्याच्यावर, की तिच्यामुळे ज्याच्या ताटात अन्न पडले त्याच्यावर?

हा प्रश्न आम्हांस ग्रंथात भेटला नाही. रस्त्याच्या कडेला भेटला. तीन वर्षांपूर्वी आषाढातील अमावास्येच्या उधाणाने आमच्या गावच्या खाजनाचा बांध फुटला. वार्ता आली तेव्हा सकाळची पूजा नुकतीच आटोपली होती. आम्ही छत्री घेऊन गेलो आणि डांबरी रस्त्यावर उभे राहिलो. खाली आठ-नऊ माणसे कमरेएवढ्या चिखलात होती. त्यांत पन्नाशीच्या आतला एकही नव्हता. पेंढा आणि चिखल यांचे गोळे हातोहात पुढे जात होते, आणि एक वृद्धा टोपलीतून दगड आणून खिंडाराच्या तोंडाशी टाकीत होती. रस्त्यावर आमच्यासारखे पंचवीस-तीस जण उभे होते आणि त्यांतील तरुण मंडळी मोबाईलवर छायाचित्रे काढण्यात गुंतली होती. आम्हांस लाज वाटली. विजारीचे पाय दुमडून आम्ही उतरू लागलो, तोच खालून एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "धाकटे भटजी, तुम्ही वरच राहा. पाय घसरला तर उद्या देवाची पूजा कोण करील?" त्याच्या बोलण्यात उपरोध नव्हता, असता तर बरे झाले असते. आम्ही वरच राहिलो. त्या रात्री आमच्या ताटात जो भात होता तो त्याच खाजनातला होता, कारण दरवर्षी शेतकऱ्यांकडून देवळात जे भात येते त्यातला वाटा आमच्या घरी येतो. जेवण का जात नाही, असे आईने दोनदा विचारले.

आमच्या महाजनांपैकी कित्येक आज मुंबईस, बेळगावास किंवा त्याहूनही दूर राहतात; त्यांच्या मुलांनी कदाचित खाजन पाहिले नसेल. म्हणून ते काय आहे हे थोडे विस्ताराने सांगणे प्राप्त आहे. मांडवी, जुवारी आणि त्यांना मिळणाऱ्या नद्यांत समुद्राची भरती कित्येक मैल आत येते. त्यांच्या काठची सखल जमीन भरतीच्या पातळीच्याही खाली आहे. निसर्गावर सोपवली असती तर ती दिवसातून दोनदा खाऱ्या पाण्याखाली गेली असती. आमच्या पूर्वजांनी ओहोटीच्या वेळा साधून चिखल, पेंढा, बांबू आणि जांभा दगड यांचे बांध घातले आणि सुमारे 18 हजार हेक्टर जमीन खाडीकडून मिळवली. ती खाडीकडून हिसकावून घेतली असे मात्र म्हणता येणार नाही. बांधाच्या बाहेर खारफुटी राखली, म्हणजे लाटेचा जोर तिच्यात मोडावा. आणि आत एक खोलगट पाट ठेवला, त्यास पोंय म्हणतात, म्हणजे वाढीव पाण्यास जागा असावी. बांधात एके ठिकाणी लाकडी झडपांचा दरवाजा असतो, तो मानस. भरती चढू लागली की पाण्याच्याच रेट्याने झडपा मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. तेथे माणूस उभा नको, यंत्र नको, तेल नको. पावसाळ्यात पहिल्या सरींनी जमिनीतला खार धुऊन जातो आणि कोरगूटसारखे खार सोसणारे भात उभे राहते. पावसाळा सरला की पोंयीत मासळी आणि कोळंबी; कोठे कोठे मिठागरे. बांधाच्या आड विहिरी गोड राहतात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिच्यापाशी परत यावयाचे आहे.

एवढी चतुर योजना असूनही तिचा शत्रू अगदी लहान असतो. एक कुर्ली बांधात बीळ करते. ते बीळ त्याच दिवशी चार मुठी चिखलाने बुजवले तर काम संपले. दोन महिने तसेच राहिले तर उधाणाच्या रात्री तेथून पाण्याची धार लागते, आणि पहाटेपर्यंत हातभर रुंदीचे भगदाड दहा हातांचे होते. एकदा खारे पाणी शेतात ठरले की ते पीक तर जातेच, पुढचे दोन-तीन पावसाळे त्या मातीचा खार धुण्यात जातात. म्हणजे खाजन टिकते ते बांध घालणाऱ्याच्या पराक्रमावर नव्हे, तर बांधावरून रोज चालत जाणाऱ्याच्या डोळ्यांवर.

हे डोळे कोणी नेमले? येथे गावकारीचा विचार करावा लागतो. पोर्तुगिजांनी जिला पुढे कोमुनिदाद म्हटले ती ही संस्था त्यांच्या येण्याच्या कितीतरी आधीची. बांदोडे येथे मिळालेल्या, सहाव्या शतकाच्या सुमाराच्या एका ताम्रपटातही खाजन जमिनीचा उल्लेख आहे. 1526 साली आफोंसो मेशिया याने गावकारीचे रूढ नियम लेखी केले. ते त्याने निर्माण केले नव्हते. जमीन गावाची, व्यक्तीची नव्हे. शेते ठराविक मुदतीने पावणीत काढावयाची, जो अधिक देईल त्याने त्या मुदतीपुरती कसावयाची. आलेल्या उत्पन्नातून सरकारचा कर, बांधाची डागडुजी, देऊळ, सुतार, न्हावी यांचा वाटा आधी काढावयाचा आणि उरेल ते गावकारांनी वाटून घ्यावयाचे. या क्रमात मोठे शहाणपण आहे असे आम्हांस वाटते. बांधाचा खर्च उरलेल्या पैशांतून होत नसे. बांध भागल्यावर जे उरे तोच नफा. निर्णय एकमताने होत आणि एकानेही 'नाका' म्हटले तर प्रस्ताव थांबे, असे अभ्यासक सांगतात. सोळाव्या शतकात तिसवाडी आणि साष्टी येथील देव नदी ओलांडून अंत्रुजात आले. मंगेश कुशस्थळीहून, शांतादुर्गा केळशीहून. देव पालखीत घालून नेता आले; बांध नेता आला नाही. मागे राहिलेल्यांनी धर्म बदलला तरी तोच बांध, तीच ओहोटी आणि तीच गावकारी पुढे चालली. खाडीने कोणास त्याची जात वा उपासना विचारली नाही.

येथपर्यंत वाचून कोणास वाटेल की आम्ही पूर्वजांची आरती ओवाळण्यास बसलो आहोत. तसे नाही. गावकार म्हणजे मूळ घराण्यांतील पुरुष. त्या घराण्यांतील लेकीसुनांस त्यात स्थान नव्हते. नंतर येऊन वसलेल्यांस नव्हते. आणि ज्यांचे हात त्या चिखलात प्रत्यक्ष जात, त्या गावडा-कुणबी मंडळींतील बहुतेकांस बांधावर घाम गाळण्याचा अधिकार होता, बैठकीत 'नाका' म्हणण्याचा नव्हता. आमच्या घराण्यासही मत नव्हते, परंतु वाटा होता. आणि मत नसून वाटा असणे ही स्थिती किती सुखाची असते हे आम्ही तीन वर्षांपूर्वीपर्यंत कधी तपासले नव्हते. पुढे पुढे पावणीही कागदोपत्री राहिली. कित्येक गावी शेते धनवंतांनी घ्यावी आणि कुळांनी कसावी असा प्रकार रूढ झाला.

1961 साली गोवा मुक्त झाला आणि 1964 साली कूळ कायदा आला. 1976 च्या दुरुस्तीने कसणारा मालक मानला गेला. यात अन्याय झाला असे म्हणणारी मंडळी आमच्या देवळाच्या पायरीवरही बसतात. आम्ही त्यांच्याशी नम्रपणे असहमत आहोत. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या चिखल तुडवला त्याच्या नावावर जमीन झाली, यात आम्हांस न्यायच दिसतो. परंतु कायद्याने जमिनीचे तुकडे जसे ज्याच्या-त्याच्या नावावर केले तसे बांधाचे करता येईनात. कारण बांध तुकड्यांनी टिकत नाही; माझ्या शेताजवळचा बांध शाबूत असला आणि शेजाऱ्याचा फुटला तर पाणी माझ्या घरी येतेच. ही अडचण सरकारच्याही ध्यानात आली होती. 1975 च्या नियमांनी कुळांच्या संघटना स्थापून बांधाची संयुक्त जबाबदारी त्यांच्याकडे दिली. काही गावांत त्या संघटनांनी खरोखर उत्तम काम केले आहे. पुष्कळ ठिकाणी मात्र त्यांच्या हाती मुख्यतः मानशीवरील मासळीचा लिलाव उरला. लिलाव घेणाऱ्यास कोळंबी हवी, कोळंबीस खारे पाणी हवे. मग झडपा भरतीच्या वेळीही उघड्या राहू लागल्या. खनिजाच्या मोठमोठ्या बार्जी नदीतून जात तेव्हा त्यांच्या लाटा बांधांस धडका देत. तेही एक कारण झाले. आणि सर्वांत मोठे कारण असे की नवे मालक वृद्ध झाले, त्यांची मुले नोकरीस लागली, कोणी आखातात, कोणी त्याहून दूर गेली. भाताचा खर्च भातातून निघेना. कुर्लीचे बीळ पाहणारे डोळे राहिले नाहीत. आज ठिकठिकाणी खाजनाच्या आत खारफुटी वाढलेली दिसते. दुरून ते रान हिरवेगार, फार मनोहर दिसते. जवळ राहणाऱ्यासच कळते की ती भाताची मोडलेली शेते आहेत.

तर असे झाले. जुन्या व्यवस्थेत कर्तव्य होते, पण हक्क थोड्यांचा. नव्या व्यवस्थेत हक्क पुष्कळांस मिळाला. कर्तव्य मात्र मधल्यामध्ये कोठे सांडले ते कोणासच सापडत नाही.

ही अडचण केवळ आमची आहे काय? जगात गेली साठ-पासष्ट वर्षे काही माणसे मुद्दाम नवी गावे वसवून एकत्र, काटकसरीने आणि जमिनीला न दुखवता राहण्याचा यत्न करीत आहेत. त्यांस इकोव्हिलेज असे नाव पडले आहे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर फिंडहॉर्न येथे 1962 साली तीन माणसांनी रेताड जागेत भाजीपाला पिकवून आरंभ केला. 1995 साली तेथे भरलेल्या परिषदेतून अशा गावांची जगभरची एक संघटना निघाली. आपल्या देशात पुदुच्चेरीजवळ ऑरोव्हिल 28 फेब्रुवारी 1968 रोजी स्थापन झाले. तेथील उजाड तांबड्या माळावर तेथल्या रहिवाशांनी आणि मजुरांनी रान उभे केले, ही गोष्ट कोणीही मान्य करील. (इकोव्हिलेज हे नाव लावून आमच्याकडे डोंगर कापून पोहण्याच्या तलावासह बंगले विकणारेही आहेत. त्यांची जाहिरात वाचताना हसावे की रडावे कळत नाही. त्यांना येथे सोडून देऊ.) या नव्या गावांविषयी आम्हांस आदर आहे. एक भेद मात्र मनात येतो. तेथे माणसे एकमेकांस निवडून आलेली असतात. ज्यास पटत नाही तो निघून जातो. आमच्या गावात कोणी कोणास निवडलेले नाही. ज्याच्याशी बापाच्या वेळेपासून बोलणे नाही त्याचे शेत आमच्या शेजारीच राहणार. आणि निवडून आलेल्यांचेही सारे सुरळीत चालते असे नाही; 2021 सालच्या डिसेंबरात ऑरोव्हिलमध्ये रस्त्यासाठी झाडे तोडण्यावरून रहिवाशांतच तीव्र वाद झाला. झाड लावण्यापेक्षा, ते कोणाच्या शब्दावर राहील किंवा जाईल हे ठरवणे अवघड असते.

न निवडलेल्या शेजाऱ्यांनी हे साधल्याचे उदाहरण पाहावयाचे तर गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाकडे पाहावे. तेथे देवाजी तोफा आणि त्यांच्या सोबत्यांनी ग्रामसभेचे निर्णय बहुमताने न करता सर्वसहमतीने करण्याची रीत घातली. एकाचेही मन वळले नसेल तर विषय पुढच्या सभेस. मध्यंतरी अभ्यासगटांत त्यावर चर्चा. सभेत स्त्रिया बसतात आणि बोलतात. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर त्या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, 2011 साली आपला बांबू आपण विकण्याची मुभा त्यांनी मिळवली, आणि 2013 साली गावकऱ्यांनी आपापल्या खाजगी जमिनी ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या स्वाधीन केल्या. गावकारीतला 'नाका' आणि मेंढ्याची सर्वसहमती यांचे नाते आम्हांस फार जवळचे वाटते. भेद इतकाच की तेथे 'नाका' म्हणण्याचा अधिकार चुलीपाशी बसलेलीसही आहे. तसेच आपल्याकडे करा, असे आम्ही म्हणत नाही. कुळास मिळालेला जमिनीचा हक्क परत द्या असे सांगण्याचा आम्हांस, ज्यांनी तो कधी कमावला नाही त्यांस, काय अधिकार? आमचा प्रश्न त्याहून लहान आहे.

आमच्यापुरता तो असा. आम्ही गावकार नाही, कूळ नाही, गुंठाभर खाजन आमच्या नावावर नाही. एका मित्राने आम्हांस सरळ विचारले, "ज्याचे शेत त्याने बांध राखावा, तू का उतरतोस? उद्या शेत विकून तो कोटी रुपये घेईल, तुला काय देईल?" युक्तिवाद खोटा नाही. भूमिहीन माणसाने दुसऱ्याची मालमत्ता फुकट राखावी हे सांगणे सोपे नाही, विशेषतः पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याकडून वेठ घेतली त्यांना. त्यांनी नकार दिला तर आम्ही त्यांच्या बाजूचे. परंतु आमची गोष्ट निराळी आहे. आमच्या घराने चार पिढ्या त्या भाताचा वाटा घेतला तो नोकरीचा पगार म्हणून की दान म्हणून, याचा वाद घालता येईल. घेतला याबद्दल वाद नाही. शिवाय आमच्या परसातील विहीर गोड आहे. ती बांधामुळे गोड आहे. रस्त्यावर उभ्या असलेल्या त्या पंचवीस-तीस जणांपैकी ज्याच्या घरी विहीर आहे असा प्रत्येक जण त्या सकाळी बांधाचा ऋणी होता, मग त्याच्या नावावर शेत असो वा नसो. हक्काची नोंद सरकारी दप्तरात असते. ऋणाची नोंद कोठेच नसते, म्हणून ते नाही असे वाटू लागते.

हे सारे आम्ही एका रात्री वडिलांस सांगितले. चिखल, विटाळ आणि सोवळे यांवर ते काही बोलतील अशी आमची कल्पना होती. ते बराच वेळ पानास चुना लावीत बसले आणि मग म्हणाले, "चिखल अंघोळीने जातो. पूजा मी तासभर आधी करीन." एवढेच. पुढच्या पंधरवड्यात आम्ही त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे गेलो आणि बीळ कसे ओळखावे हे शिकून घेतले. बिळाच्या तोंडाशी ताज्या चिखलाच्या गोळ्या असल्या तर कुर्ली आत आहे. तोंड कोरडे आणि गुळगुळीत असले तर ती गेली आहे आणि पाणी कधीही येऊ शकते. आम्ही इतकी वर्षे त्या बांधावरून शाळेत गेलो आणि आम्हांस ते ठाऊक नव्हते.

त्यानंतर देवळात एक वही ठेवली. आठवड्यातून दोनदा, आणि अमावास्या-पौर्णिमेस अवश्य, बांधावरून एकाने चालून यावे आणि काय दिसले ते लिहावे, एवढाच तिचा हेतू. पहिल्या वर्षी अकरा नावे होती, यंदा एकोणीस आहेत. त्यांत दोन ख्रिस्ती घरे आहेत. गावकार घराण्यांतील दोघा वडीलधाऱ्यांनी आरंभी हरकत घेतली, की एकाच यादीत सर्वांची नावे, तीही क्रम न लावता, ही कोणती रीत? त्यांची हरकत आम्ही वहीतच लिहून ठेवली आहे, कारण 'नाका' म्हणण्याचा त्यांचा अधिकार जुना आहे. त्यांतील एक आता गुरुवारी चालून येतात. दुसरे येत नाहीत, परंतु आपल्या सुनेस पाठवतात. चौथ्या ओळीत त्या दगड टाकणाऱ्या वृद्धेचे नाव आहे. तिच्या नावावर शेत नाही. तिला लिहिता येत नाही, म्हणून ती आल्याची खूण अंगठ्याने करते आणि बीळ दिसले तर तेथे काठी रोवून येते.

बांध सुधारला असे म्हणण्यासारखी स्थिती अजून आलेली नाही. मागे जे खिंडार पडले त्याच्या आतली निम्मी शेते यंदाही पडीकच आहेत, मानशीची एक झडप कुजली आहे आणि तिच्या लाकडाचा खर्च कोणी करावा यावर दोन बैठका निष्फळ झाल्या. लिलाव घेणारा म्हणतो संघटनेने करावा, संघटना म्हणते सरकारने. पुढची बैठक नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी सभामंडपात आहे. तीस शेत नसलेल्यांनीही यावे असे ठरले आहे. वही घंटेच्या डाव्या बाजूस खुंटीला अडकवलेली असते. पेन्सिल मात्र घरून आणावी. दोऱ्याने बांधलेल्या दोन पेन्सिली आजवर नाहीशा झाल्या.